कोरफडीचा चेहरा

शनिवारी संध्याकाळी स्नेहल सूर्यवंशी जिना चढून वर आली, तेव्हा भिमाजी पडवळ कार्यालयातली एकुलती एक बरी खुर्ची अडवून स्वतःवर झालेल्या अन्यायाची कहाणी सांगत होते.

"सारा जन्म कंपनीत काढला, विजू. ह्या पट्ट्यात सुट्टी कवाची? गुरुवारची. आन् आमच्या घरात मटण कवा चालत न्हाई? गुरुवारी! सुट्टीच्या दिवशी मटण खाऊन ताणून द्यावं, येवढी एक इच्छा, ती न्हाई पुरी झाली. परवाबी झोपलो, पर वरण-भातावर."

विजयश्री काळभोर हे दर आठवड्याला ऐकत असे, म्हणजेच ऐकत नसे. काळेवाडीत औषधांच्या दुकानावरच्या या खोलीत ती खाजगी तपासाची कामं करायची. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची, आणि त्यांचा तिला मनस्वी कंटाळा. भिमाजी तिच्या वडिलांचे मित्र. निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःला तिचा मदतनीस नेमून टाकलं होतं.

दारातल्या मुलीच्या अंगावर कंपनीचा राखाडी शर्ट होता. तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर होता. चाकणच्या कंपन्यांत आतलं कुणी काही टिपू नये म्हणून गेटवरच पहारेकरी तो चिकटवतात.

"ताई, मी कोरफड," ती म्हणाली.

भिमाजींना वाटलं, पोरीला ऊन लागलंय. विजयश्री मात्र ताडकन उठून उभी राहिली.

"काका, पाणी द्या यांना. आणि ती खुर्चीही."

मग खुर्ची गमावलेल्या भिमाजींना सगळं समजावून सांगावं लागलं. 'पारावर' नावाचं एक मराठी ॲप आहे, त्याचं कार्यालय वाकडला. तिथे लोक लिहितात, चित्रं टाकतात, भांडतात. 'कोरफड' या टोपणनावाने कुणीतरी बायकांची चित्रं काढायचं. थकलेल्या, पोट सुटलेल्या, बाळंतपणाचे व्रण असलेल्या बायका, आणि तरीही स्वतःच्या देहावर आणि इच्छेवर खूश असलेल्या. कपडे असले तर असले. लाज मात्र कुठेच नव्हती.

गेल्या महिन्यात 'पारावर'ने फतवा काढला: प्रौढांसाठीचा सगळा मजकूर बंद. काय प्रौढ आणि काय नाही, हे यंत्र ठरवणार. यंत्राने कोरफडीची चित्रं उडवली, त्याबरोबर स्तनातली गाठ कशी तपासावी हे सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई उडवल्या, अंगावर पाजणाऱ्या आयांच्या शंकाही उडवल्या. लोक भडकले. कोरफडीने जाता जाता एक चित्र टाकलं: कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई, आणि तिच्या छातीवर कंपनीच्या गेटवरचा तसलाच गोल, लाल स्टिकर. खाली तीन शब्द: आम्ही वयात आलोय! दोन दिवसांत हजारो लोकांनी आपापल्या फोटोवर लाल गोल चिकटवला. कोरफड कोण, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

"मला म्हंजे यातलं ठावंच न्हाई," भिमाजी म्हणाले. "पर गाठीचं उडवलं? आमची ही गाठीनंच गेली." आणि त्यांनी तिच्यापुढचा पेला पुन्हा भरला.

स्नेहलने मोबाइल पुढे केला. फोटोत ती कंपनीच्या शर्टात, मान खाली घालून चित्र काढत होती. मागचं सगळं पुसून पांढरं केलेलं. खाली मजकूर:

'हीच ती कोरफड. स्नेहल सूर्यवंशी, चाकण. काल जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कँटीनमध्ये ही असली चित्रं काढत बसली होती. मी स्वतः पाहिलं, फोटोही काढला. – एक सहकारी.'

"हे पहिल्यांदा कधी दिसलं?"

"काल सकाळी. बसमध्ये बसले आणि फोन वाजायला लागला. आज ते फिरत फिरत कंपनीत साहेबांच्या मोबाइलवर पोचलं. कंपनीच्या वेळेत हे धंदे करता का, म्हणाले. लेखी उत्तर द्या, तोवर गेटच्या आत पाऊल टाकू नका. ताई, कंपनीत मी पेन्सिलला हातसुद्धा लावत नाही! लातूरहून आले तेव्हा या नोकरीसाठी सगळ्यांशी भांडले मी. ती अशी खोट्यावर जाऊ देणार नाही."

"घरी?"

"नवरा बोलतो. सासूबाई कालपासून बोलत नाहीत. ताट वाढतात आणि उठून जातात." 

कोरफड कोण हे ठाऊक असणारी माणसं तीनच. मामेभाऊ दिग्विजय, ज्याच्या फ्लेक्सच्या दुकानात सगळे जमत आणि कंपनी सुटल्यावर स्नेहल चित्रं काढत बसे. मैत्रीण वर्षाली, जी खुद्द 'पारावर'मध्ये तक्रारी बघायची. आणि जयदीप, ज्याने या चिडलेल्या लोकांना एकत्र आणून उद्या, रविवारी, मैदानावर सभा ठेवली होती.

"सभेसाठी मी रजा टाकणार होते," स्नेहल कडवट हसली. "आता काय, मोकळीच आहे."

"कंपनीतलंच कुनीतरी जळतंय हिच्यावर," ती गेल्यावर भिमाजींनी निकाल दिला. "त्यानं स्वतःच लिव्हलंय की, सहकारी म्हनून."

"काका, चोर स्वतःचा पत्ता कधीपासून द्यायला लागले?"

दिग्विजयच्या दुकानात शाईचा वास कोंदला होता. भिंतींवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे हसरे चेहरे लटकत होते. या वॉर्डातल्या एका पुढाऱ्याची सगळी छपाई दिग्विजयकडे, आणि त्या पुढाऱ्याने बंदीचं जाहीर स्वागत केलेलं.

"म्हणजे मी बहिणीला विकली?" दिग्विजय उसळला. "अहो, मला ती चित्रं आवडत नाहीत, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. पण दुकान दिलं ना बसायला? परवा तर मान वर करायला फुरसत नव्हती. कंपनीवाले सगळे घरी, सुट्टीच्याच दिवशी त्यांना फ्लेक्स आठवतात. फोटोबिटो फिरवायला वेळ कुणाला?"

विजयश्री एका फ्लेक्सपुढे थांबली. 'आम्ही वयात आलोय!' अशी मोठी अक्षरं, आणि मधोमध ताटाएवढा पांढरा, रिकामा गोल.

"हे अर्धवट का?"

"सभेचा आहे. फोटोसाठी जागा सोडायला सांगितलीय. आठवड्याच्या सुरुवातीलाच छापून ठेवला, आता त्यात चिकटवतील काय ते."

"उगाच चांगलं कापड वाया," भिमाजी पुटपुटले.

वर्षाली घरीच भेटली. कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलत होती आणि प्रत्येक घडी जरा जास्तच जोरात दाबत होती.

"मी 'पारावर'ची नोकर आहे, म्हणून संशय माझ्यावर. कळतंय मला. खात्यामागचा फोन नंबर मला दिसतो, खरं आहे. पण त्या गाठीच्या तक्रारी मीच वाचते, ताई. रडणाऱ्या बायकांना 'नियमानुसार' म्हणून उत्तर मीच देते. स्नेहलला चित्रं काढत राहा असं सांगणारी पहिली मी."

"तुमचे मिस्टर?"

"तेही चाकणला. म्हणूनच आमचा संसार असा. माझी सुट्टी शनिवार-रविवार, त्यांची गुरुवारी. लग्न झाल्यापासून एक सिनेमा धड बघितलेला नाही." आणि ती नाइलाजाने हसली.

जयदीप मैदानावर होता. मांडववाल्यांशी बोलत, खुर्च्या मोजत, कानाला फोन. अमरावतीहून येऊन त्याला काही महिनेच झाले होते. हिंजवडीत संगणकाची नोकरी, पण जीव सगळा या लढ्यात. भिमाजींना त्याने आधी चहा दिला, मग नाव विचारलं. भिमाजींच्या लेखी तो तिथेच सुटला.

"हे 'पारावर'वाल्यांचंच काम आहे, ताई," तो तळमळून म्हणाला. "त्यांना वाटलं, बाई घाबरेल. पण उलटं झालं ना! काल दिवसभरात आमच्या बाजूने दुप्पट लोक उभे राहिले. उद्या बघा तुम्ही. मुद्दाम रविवार धरलाय, चाकणच्या बायका हजारोंनी येतील."

"स्नेहल बोलणार का सभेत?"

"आता बोलावंच लागेल तिला. लपण्यासारखं राहिलंय काय?"

परतताना भिमाजींनी तीनदा वर्षालीचं नाव घेतलं, आणि विजयश्रीने तिन्ही वेळा विषय बदलला.

रविवारी सभेची वेळ होऊन गेली आणि मैदानावर खुर्च्याच खुर्च्या होत्या. पुढच्या दोन रांगा कशाबशा भरलेल्या, तीही बरीचशी हिंजवडीची पोरं. जयदीप रस्त्याकडे बघून बघून थकला.

"आल्या का नाहीत? घाबरल्या काय सगळ्या?"

"घाबरत्यात कशाला?" भिमाजी म्हणाले. "समद्या शिफ्टला गेल्यात की!"

"थँक यू, काका," विजयश्री म्हणाली. "केस सुटली."

भिमाजींनी आजूबाजूला पाहिलं. आपण नक्की काय सोडवलं, हे त्यांना कुणी सांगेल असं वाटेना.

मांडवाच्या मागे तिने चौघांना बसवलं: स्नेहल, दिग्विजय, वर्षाली आणि जयदीप.

"फोटोपासून सुरू करू. कंपनीच्या आत प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर स्टिकर असतो. मग कँटीनमधला एवढा स्वच्छ फोटो कुणी काढला? कुणी स्टिकर सोलला असेल, असंही म्हणता येईल. पण मग मागची भिंत का पुसली? ती कँटीनची नव्हती म्हणून. ती दिग्विजयच्या दुकानाची होती."

दिग्विजय उठायला लागला, तिने हातानेच त्याला बसवलं.

"आता मजकूर. 'काल जेवणाच्या सुट्टीत', असं त्यात लिहिलंय. साहेबांनी तो शनिवारी वाचला, म्हणून त्यांना काल म्हणजे शुक्रवार वाटला. पण स्नेहलला तो शुक्रवारी सकाळीच आला होता. म्हणजे लिहिणाऱ्याचा 'काल' कोणता?"

"गुरुवार!" भिमाजी ओरडलेच. "आरं, गुरुवारी कँटीनला कुलूप! शिपाई नसतो तिथं!"

"नसतोच. भोसरीपासून चाकणपर्यंत शेंबडं पोरही सांगेल, गुरुवारी कंपन्या बंद. मला हवा होता असा माणूस, ज्याला हे ठाऊक नाही. दिग्विजयचं गिऱ्हाईकच त्या दिवशी येतं. वर्षालीचा संसार त्या सुट्टीपायी अडलाय. सहकारी तर ही चूक झोपेतही करणार नाहीत. उरला तो, ज्याने चाकणच्या बायका येतील म्हणून 'मुद्दाम रविवार' धरला."

बाहेर वाऱ्याने एक रिकामी खुर्ची पडली. तिघांनी जयदीपकडे पाहिलं.

"मला पण वाटलं, कारण काय? हा तर आपल्यातला. मग तो फ्लेक्स आठवला. नाव फुटलं शुक्रवारी, आणि फोटोची जागा सोडून फ्लेक्स छापला आठवड्याच्या सुरुवातीला. जिचा चेहरा कुणाला माहीत नाही, तिच्या चेहऱ्यासाठी जागा कुणी सोडेल? ज्याला तो दिसणार आहे हे माहीत आहे, तोच."

जयदीप स्नेहलकडे वळला. "टोपणनावामागे कोण किती दिवस उभं राहणार, स्नेहल? चळवळीला चेहरा लागतो. मी तुला दोनदा विनवलं, तू नाही म्हणालीस. आणि कंपनीने छळलं असं दिसलं की लोक पेटून उठतात. उठलेच ना? मी माझ्यासाठी काही केलं नाही."

भिमाजींना त्याने पाजलेला चहा आठवला आणि फार वाईट वाटलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं.

स्नेहल उठली. "'पारावर'ने मला न विचारता माझं चित्र झाकलं. तू मला न विचारता माझा चेहरा उघडा केलास. माझ्या होकाराची गरज तुम्हा दोघांनाही वाटली नाही. मग तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय रे?"

तिने पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

"आता तू माझ्या साहेबांना सगळं लिहून देशील, स्वतःच्या नावाने. आणि मग घरी जाशील. लढा आमचा आहे, तो आम्ही बघू."

ती तशीच मांडवात गेली आणि माइक हातात घेतला. आवाज कापत होता, पण मोठा होता.

"सभा आज नाही. सभा गुरुवारी. आमच्या सुट्टीच्या दिवशी."

गुरुवारी भिमाजींनी आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोप मोडली. मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. चाकणहून, भोसरीहून, तळवड्याहून बायका आल्या होत्या, कडेवर पोरं, कपाळावर किंवा खांद्यावर लाल गोल स्टिकर. कंपनीने स्नेहलला परत बोलावलं होतं. कुलूपबंद कँटीनचा मुद्दा साहेबांना आपणहून सुचायला हवा होता, असं विजयश्रीने त्यांना स्पष्ट ऐकवलं होतं. 'पारावर'ने डॉक्टरीणबाई परत आणल्या होत्या, चित्रं नव्हती आणली. म्हणून तर ही सभा होती.

स्नेहल कंपनीच्या शर्टात उभी राहिली. "मी कोरफड. माझं नाव दुसऱ्याने फोडलं, म्हणून आज मी स्वतः सांगतेय. स्नेहल सूर्यवंशी. लग्न झालेली, कमावणारी, वयात आलेली. काय बघायचं, काय काढायचं, ते मला कळतं. आमची चित्रं परत द्या!"

मैदान गरजलं.

दिग्विजयचा फ्लेक्स बाजूला बांबूंवर ताणला होता. त्यातला पांढरा गोल स्नेहलने कात्रीने कापून टाकला होता, आणि त्या भोकातून चेहरा काढून फोटो काढून घ्यायला बायकांची रांग लागली होती. 'आम्ही वयात आलोय!' आणि मधोमध एकेक हसरा चेहरा. आता कुणाकुणाचं नाव फोडणार होते?

रांगेत एक नऊवारीतली म्हातारी होती. ती पुढे आली तशी स्नेहल जागच्या जागी थिजली. गिरजाबाई, तिच्या सासूबाई. सात दिवसांत त्या तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

गिरजाबाईंनी फ्लेक्सच्या मागे जाऊन भोकातून तोंड काढलं, पदर नीट केला आणि सुनेकडे पाहिलं.

"बघत काय बसलीस? ते कॅमेऱ्यावरचं काढ आधी," त्या म्हणाल्या, "आन् काढ फोटो."

स्नेहलने मोबाइलवरचा स्टिकर नखाने सोलला.