भिंतीवरची आठ मिनिटं

शप्पथ घेऊन सांगतो पोरांनो, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. म्हणजे, त्या आठवड्यात मी इथे शेटलंड बेटांवर नव्हतोच. पण रूबी इस्बिस्टर माझी सख्खी चुलतबहीण, आणि घराण्यातल्या सगळ्या थापा माझ्या वाट्याला आल्याने तिच्यासाठी एकही उरली नाही. आता ती ठणठणीत आहे, तेव्हा घाबरू नका. फेरीबोट काही सकाळशिवाय सुटत नाही. दार लावून घ्या.

रूबीने अकरा वर्षं कारखान्यात सामन मासे कापले. पाठ, खांदे, गुडघे, सगळं कायमचं दुखायला लागलं. एक्स-रेत काही दिसेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, फोनवर बोलून उपचार करतात, नाव घालतो. नंबर लागायला चौदा महिने गेले. आठ गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसहा, मॉर्वेन नावाची मुलगी शहरातून फोन करणार. दोन चुकले की नाव बाद.

पाचवा वादळात चुकला, आणि घरची लाईनही गेली. मोबाईलला रेंज आमच्याकडे कधी होती? रूबीने दुकानातून कळवलं, धक्क्यावरच्या बूथमध्ये फोन करा.

गुरुवार, पाच डिसेंबर. साडेतीनलाच अंधार पडलेला. ती निघाली. मॉर्वेनचा नियम होता, आठ मिनिटं चालायचं, मग आठ मिनिटं बसायचं. दुखो न दुखो. त्यासाठी खिशात अंडी उकडायचं घड्याळ. ते वाजलं नेमकं कबरस्तानाच्या भिंतीपाशी.

"इथे?" ती वैतागली. भिंतीवरचं बर्फ झटकत स्वतःलाच म्हणाली, "बसा आता. दुखो न दुखो, बसा."

शेजारी कुणीतरी हुश्श केलं. वारा असेल.

सहाला बूथमधला फोन वाजला.

"आज दहापैकी किती दुखतंय, रूबी?"

"सात."

"नऊ," लाईनवर दुसरा आवाज म्हणाला. पुरुषाचा. घशात पाणी भरल्यासारखा.

"नऊ? बरं. नेमकं कुठे?"

"अगं, ते मी नाही बोलले. मॉर्वेन? ऐकू येतंय का?"

येत नव्हतं.

"हाडांत," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बोट बुडाल्यापासून."

फोन आपटून पळाली का नाही, म्हणताय? पळाली असती तर दुसरा गुरुवार चुकला असता. नाव बाद. पुन्हा चौदा महिने. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मेल्या, रांगेत ये," ती म्हणाली. "चौदा महिने थांबलेय मी."

बूथची काच आतून वाफेने धुरकटली. तिने तर श्वास रोखलेला.

मॉर्वेन विचारत राहिली. झोप लागते का. कुणाशी बोलता का.

"कुणी... विचारलंच नाही..."

मग नुसतं पाणी. थेंब. थेंब...

"आज पहिल्यांदा मोकळं बोललात," मॉर्वेन म्हणाली. "आठ मिनिटांचा नियम सोडू नका."

साडेसहा. फोन बंद. रूबी घड्याळ तिथेच विसरून, न बसता, सरळ घरी गेली. रात्रभर रडली. भीतीने नव्हे, संतापाने.

लाईन काही दुरुस्त झाली नाही. उरलेले दोन गुरुवारही बूथमध्येच, आणि दोन्ही त्यानेच खाल्ले. आधी सहा म्हणाला. शेवटी, दोन. मग पत्र आलं: दुखणं नवावरून दोनावर, अभिनंदन, फाईल बंद.

शेवटच्या गुरुवारी मी तिला आणायला गेलो होतो. हे मात्र पाहिलंय. तिचं विसरलेलं घड्याळ आठवड्यापूर्वीच बूथमधून गायब झालेलं. कबरस्तानाच्या भिंतीवर होतं. आजूबाजूच्या बर्फावर एक पाऊल नाही. काटा आठावर, नुकताच फिरवलेला. टिकटिक चालू...

एवढं सगळं खरं. सुरुवातीला रूबी ठणठणीत आहे म्हणालो ना, तेवढं पदरचं. ठणठणीत ती फक्त त्या पत्रात आहे. तिचं दुखणं अजून सातच.