पाण्याकडे पाठ

“काय म्हणालीस, ताई? दुकान सोडणार?” धाकट्या भावाच्या हातातला चमचा ताटात खणकन पडला, आणि मागच्या खोलीत फिरणाऱ्या धुलाईयंत्राची घरघरसुद्धा कुणीतरी दबक्या आवाजात कुजबुजत असल्यासारखी वाटू लागली...

आठ दिवस ती हे वाक्य मनात घोळवत होती. घरच्या लाँड्रीत इस्त्री फिरवताना, कॉलरी ताठ करताना, चादरींच्या घड्या घालताना! आणि आता ते तोंडून निघालं, तर तिचं तिलाच परकं वाटत होतं.

“पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या बाई निवृत्त होताहेत,” ती हळूच म्हणाली. “बायकांची सकाळची तुकडी मी घ्यावी म्हणतात. पोहायला शिकवायचं. त्याची परीक्षा मागच्याच महिन्यात दिली मी... पास झाले. शनिवारपर्यंत कळवायचंय.”

“एक्कावन्नाव्या वर्षी?” धाकटा हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. “गुडघा धरतो म्हणून डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं तुला, नोकरी धरायला नाही!”

भावजयीनं त्याला डोळ्यांनी दटावलं. पण त्याचा तोल सुटला होता. “ज्या पाण्यानं बाबांना गिळलं त्याच पाण्यात... आईसमोर बसून हे बोलवतं तरी कसं तुला?”

घास तसाच ठेवून चौऱ्याहत्तर वर्षांची आई उठली, भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ‘व्यायामाला जाते’ एवढंच तिनं आईला सांगितलं होतं. ओले केस दिसले, की म्हणायची, “वाफेनं भिजले गं.” दोन वर्षं जपलेली ती थाप आज तिच्याच तोंडून उघडी पडली होती!

चाळीस वर्षं झाली होती त्या सकाळीला. तेव्हा दुकान नव्हतं, यंत्रं नव्हती. बाबा गिऱ्हाइकांचे कपडे नदीवर धूत. अकरा वर्षांची ती काठावर वाळत घातलेल्या कपड्यांची राखण करत होती. एक चादर हातून निसटून धारेला लागली, आणि तिच्यामागे बाबा दोन पावलं गेले... मग आणखी दोन... पांढरीशुभ्र चादर वळणावरून दिसेनाशी झाली, आणि बाबाही! त्यानंतर आईनं दोन्ही मुलांना पाण्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. घरीच हौद बांधून तिनं कपडे धुवायला घेतले, आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून थोरली लेक इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, ती राहिलीच. धाकट्याचं शिक्षण, त्याचं लग्न, दुकानाची पाटी, सगळं त्या टेबलाशी उभ्याउभ्या झालं. तुला काय हवंय, असं कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, त्या निळ्या फरश्यांच्या तलावात, तिचे पाय पहिल्यांदा तळापासून सुटले... अहाहा! सगळे आवाज दूर कुठंतरी राहून गेले. खाली उन्हाची जाळी हलत होती, वर आभाळ तरंगत होतं, आणि मधोमध ती, कसलंच ओझं नसलेली, जणू आपल्याच देहाची पाहुणी! जन्मभर तिनं लोकांच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या मोडल्या होत्या. इथं सुरकुत्या होत्या त्या फक्त पाण्याला, आणि त्या कुणी मोडायच्या नव्हत्या. दुपारी दुकान तासभर बंद असे. तो एक तास तिचा झाला. पुढं पुढं नव्या आलेल्या घाबरट बायका आपसूक तिच्याजवळ सरकू लागल्या, आणि त्यांच्या पाठीखाली तळवा धरून “मी आहे ना” म्हणताना तिला वाटे, हे शब्द कित्येक वर्षं आपल्या ओठांवर येऊन थांबले होते!

तीन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी ती दुकानात आली, तर धाकटा तिच्या टेबलाशी उभा. समोर एक सदरा, आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग.

“बघत होतो, जमतंय का,” तो ओशाळून म्हणाला. “नाही जमत.”

तिला हसू फुटलं, पण त्याचे डोळे भरून आले होते.

“ताई, मी चार वर्षांचा होतो गं. मला बाबांचा चेहराही आठवत नाही. मला फक्त तू आठवतेस. शाळेतून धावत यायचो, तर वाफेच्या ढगात तू उभी असायचीस... हे टेबल रिकामं दिसलं, तर मी पुन्हा पोरका होईन असं वाटतं. पंचेचाळिशीला आलेल्या माणसानं असं बोलू नये, पण...”

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जळका सदरा बाजूला सरकवला. झालं! तिचा निर्णय झाला. आजवर झाला तसाच.

दुपारी ती आईच्या खोलीत गेली. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती.

“आई, मी त्यांना नाही म्हणून कळवते. तू मनाला लावून घेऊ नकोस. खोटं बोलले, चुकलं माझं.”

आईनं मान वळवली नाही. तिची नजर रस्त्यावरच होती.

“वाफेनं भिजलेल्या केसांना औषधाचा वास येत नाही, पोरी,” ती म्हणाली. “तो तलावातल्या पाण्याचा वास. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.”

“मग... मग दोन वर्षं तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? घरी आलीस की गुणगुणायचीस. अकराव्या वर्षानंतर तुझ्या तोंडून सूर ऐकला नव्हता मी...” आईनं खिडकीबाहेर बोट केलं. “रोज दुपारी इथं बसायचे. तू कोपऱ्यावर दिसेपर्यंत जीव मुठीत धरून. दिसलीस, की पटकन आडवी होऊन डोळे मिटायचे. कळू नये तुला म्हणून.”

“आई!” तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि चाळीस वर्षांचा बांध फुटला... किती दुपारी! दोघींनी एकमेकींपासून लपवलेल्या, एकमेकींसाठी सोसलेल्या किती दुपारी!

“तुझ्या बाबांना पोहता येत नव्हतं गं,” तिच्या केसांतून हात फिरवत आई म्हणाली. “जन्मभर मी पाण्याला शिव्या घातल्या. त्यांना कुणी शिकवलं असतं तर? हा विचारच केला नाही. भीती माझी, आणि तिची किंमत तू मोजलीस. जा तू. धाकट्याचं मी बघते. दोन सदरे आणखी जाळेल आणि शिकेल!”

धाकट्यानं खरंच आणखी दोन जाळले. मग त्यानं इस्त्रीला एक अनुभवी कारागीर ठेवला, आणि ती रुजू झाली त्या सोमवारी तो स्वतःच आईला घेऊन तलावावर आला. आई कुंपणाजवळच्या बाकावर बसली, पण पाण्याकडे पाठ करून! आई इथवर आली, हेच केवढं होतं!

त्या दिवशी नऊ बायका होत्या. आठ जणी हळूहळू पाण्यात रुळल्या, पण नववी, एक साठीची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, कडेचा दांडा सोडीना. “नाही हो जमणार! मी बुडेन!” तिनं बाईंना समजावलं, हात पुढे केला, तळवा दाखवला. पण व्यर्थ! बाईंची बोटं दांड्याभोवती आणखीच आवळली. पहिल्याच दिवशी आपण हरलो, असं तिला वाटून गेलं...

तेवढ्यात ओल्या फरशीवर अनवाणी पावलांचा आवाज आला. तिनं वर पाहिलं.

आई काठावर उभी होती. धाकट्याचा हात तिनं घट्ट धरला होता, चेहरा पांढराफटक पडला होता. पण तिची नजर थेट पाण्यावर होती. ती सावकाश खाली वाकली.

“सोडा हो हात, बाई,” ती म्हणाली. “ती धरेल तुम्हाला. माझी लेक आहे ती.”