घळीतून आलेली हाक

ही गोष्ट खरी आहे. कुणाला खोटी वाटली तर माझी तक्रार नाही, माझ्या नवऱ्यालाही वाटते. पण मी सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करते. ऐकणं हेच माझं काम. त्या दिवशी जे कानांवर पडलं तेवढंच सांगते आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

या पेजवरच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात.

माझी भर दुपारची आहे.

मी मुअत्तर. अफगाण सरहद्दीजवळच्या तिरमिझ शहरातली. सात-आठ वर्षं झाली असतील, ऑक्टोबर होता. कोहितांगच्या डोंगरात किझिलसोय गावाच्या वर एक लाल घळ आहे, तिथे आमचं शूटिंग चाललं होतं. डायनासोरचा सिनेमा. एक कुटुंब वाट चुकून घळीत शिरतं आणि तो प्राणी आत अजून जिवंत असतो, अशी कथा. जागा निवडली होती ती घळीतल्या एका उंच कातळामुळे. त्यावर तीन बोटांची पावलं उमटलेली आहेत. एकेक पाऊल परातीएवढं.

माझा धाकटा भाऊ उल्मासही त्या सिनेमात होता. नायकाऐवजी धावणं, पडणं, उड्या मारणं ही त्याची कामं. त्याच्याआधी आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून याचं नाव तिने उल्मास ठेवलं, म्हणजे न मरणारा. पोरगा नावाला जागायचा. धावत्या ट्रकमधून उतरायचा, छपरावरून खाली यायचा आणि वर हसायचा.

आणि बडबड तर विचारू नका. तो सेटवर नसला की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे.

डायनासोर अर्थातच नव्हता. तो नंतर कॉम्प्युटरवर बनणार होता. सेटवर होती एक लांब काठी आणि टोकाला लाल चेंडू. नटांनी त्या चेंडूकडे बघून घाबरायचं. पण चेंडू वर गेला की नायिका दिलफूझाला हसू फुटायचं. मग सगळेच हसायचे.

गावातला नोर्मुरोद नावाचा मेंढपाळ आम्हाला दूध आणि नान आणून द्यायचा. तो खडकावर बसून मजा बघायचा. एकदा दिग्दर्शकाला म्हणाला, "फरमोन अका, याला घाबरायचं का? माझी म्हातारी शेळी आणतो. तिला बघून माझी बायकोसुद्धा पळते."

फरमोन अकांना, म्हणजे फरमोनदादांना, ते लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, प्राण्याची डरकाळी तयार आहे ना, ती सेटवरच वाजव. मोठ्या स्पीकरवर. बघू कोण हसतं ते.

डरकाळी मीच बनवली होती. चिडलेल्या उंटाचं गुरगुरणं, बैलाचं हंबरणं आणि तंदूरवरचं लोखंडी झाकण दगडावरून ओढल्याचा आवाज. तिन्ही संथ करून एकात एक मिसळले होते. त्यात काय काय आहे हे मला माहीत होतं. तरी घळीत पहिल्यांदा वाजवली तेव्हा मीच मागे वळून बघितलं.

दिलफूझा खरोखर किंचाळली. फरमोन अका खूश झाले.

डरकाळी घळीत फिरून परत आली. मग विरली.

दुसऱ्या दिवशी नोर्मुरोद कुरकुरत आला. शेळ्या झऱ्यावर येत नाहीत म्हणाला. ओढून आणल्या तर पाय रोवून उभ्या राहतात.

मग माझ्या लक्षात आलं... घळीत चकोर ओरडत नव्हते. आम्ही आलो तेव्हा सकाळी त्यांच्या ओरडण्याने रेकॉर्डिंग करणं मुश्कील व्हायचं. आता एकही नव्हता.

प्रत्येक जागेची शांतता आम्ही वेगळी रेकॉर्ड करून ठेवतो. सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि मी नुसती शांतता टिपायची. त्या दुपारी तेच करत होते. कानाला हेडफोन. समोर उल्मास कलिंगडाची फोड घेऊन बसला होता, चावू नकोस म्हणून मी त्याला डोळे वटारले होते.

हेडफोनमध्ये कुणीतरी हसलं.

बाईचा आवाज. दिलफूझा हसायची तसंच, आधी नाकातून आणि मग मोकळं.

मी वळून बघितलं. दिलफूझा नव्हती. तिला ताप भरला होता, आदल्या संध्याकाळीच गाडी तिला तिरमिझला घेऊन गेली होती.

मी फरमोन अकांना सांगितलं. ते म्हणाले, घळ आहे, आवाज अडकून राहतात. मी म्हटलं, दिवसभर नाही राहत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मुअत्तर, नीट झोपतेस ना?"

उल्मास मात्र हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओपा, तुला ऐकू आलं असेल तर आलं असेल. उद्याचा सीन झाला की निघू आपण. आईला सांगू, काम संपलं."

तो मला कायम ओपाच म्हणायचा, म्हणजे ताई. नावाने कधी नाही.

उद्याचा सीन सगळ्यात मोठा होता. प्राणी घळीत मागे लागतो आणि नायक वरच्या टोकापासून तोंडापर्यंत धावत सुटतो. उल्मास एकटाच वर जाणार होता. डरकाळी ऐकली की धावायचं, एवढंच ठरलं होतं. खाली घळीच्या तोंडाशी आम्ही.

सकाळपासून हवा जड होती. दुपारी दक्षिणेकडचं आकाश पिवळं झालं. अफगाणी वारा येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण फरमोन अकांना तोच उजेड हवा होता. एकदाच घेऊ म्हणाले.

वॉकीटॉकीवर उल्मासचा आवाज आला. मी तयार आहे, तुमचं बोकड सोडा म्हणाला. सगळे हसले.

मी डरकाळी वाजवली.

ती वर गेली. कड्यांवर आपटली. परत आली. विरली.

मग...

मग पुन्हा आली.

माझं बोट बटणावर नव्हतं. मशीन बंद होतं. स्पीकरची वायर मी स्वतः ओढून काढली आणि हातात धरून उभी राहिले. तरी ती येत होती. त्यात उंट नव्हता, बैल नव्हता, झाकण नव्हतं. मी बनवलेलं काहीच नव्हतं त्यात.

कॅमेऱ्यामागचे सगळे वर बघत होते. एकाच जागी. तिथे काहीच नव्हतं.

आणि वारा आला.

ज्यांनी तो बघितला नाही त्यांना कसं सांगू. दिवस विझतो. धूळ भिंतीसारखी येते आणि आपलाच हात आपल्याला दिसत नाही. तंबू उडाला. माणसं गाड्यांकडे पळाली.

उल्मास घळीतून बाहेर आला नाही.

वॉकीटॉकीवर नुसती खरखर. मी घळीत शिरायला निघाले तर फरमोन अकांनी दंड धरला. मी त्यांच्या हाताला चावले. खरंच चावले. मग तेही माझ्याबरोबर आले. नोर्मुरोदने आपला शेळ्या बांधायचा दोर आणला, तिघांच्या कमरेला बांधला आणि पुढे झाला. म्हणाला की बोलू नका, तोंड बांधा, धूळ छातीत गेली तर तुम्हालाच उचलावं लागेल.

मी डोक्याचा रुमाल तोंडावर घट्ट आवळला. भिंतीला हात लावून आम्ही आत सरकत होतो. मी मनातल्या मनात आईशी बोलत होते. दोन गेले ना तुझे, तिसरा नाही जाणार, मी घेऊन येते, मी घेऊन येते. पाय कशावर पडतोय कळत नव्हतं. प्रत्येक मऊ गोष्ट तोच वाटायची. एकदा मी खाली बसून चाचपत राहिले, ते वाऱ्याने आणलेलं तंबूचं कापड निघालं.

तेवढ्यात वरून हाक आली.

"उल्मास... इकडे ये..."

बाईचा आवाज. रडवेला.

"उल्मास, मी पडले रे. इकडे ये."

दोर ताणला गेला. नोर्मुरोद थांबला होता. फरमोन अका माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते, त्यांनी हळूच हात उचलला आणि माझ्या तोंडावरच्या रुमालाला लावून बघितला.

रुमाल बांधलेलाच होता.

तो आवाज माझा होता.

आदल्या दिवशीचं हसणं निदान दिलफूझा कधीतरी हसली होती. हे शब्द मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मी रुमाल ओरबाडून काढला. ती मी नाही, जाऊ नकोस, असं ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि धूळ घशात गेली. खोकत मी गुडघ्यांवर पडले. एक शब्द निघेना. एकच शब्द हवा होता मला.

आणि लांबून, घळीच्या आतल्या अंगाने, माझ्या भावाने ओ दिली.

"ओ... आलो, ओपा. हलू नकोस तू."

धापा टाकत होता. जिवंत होता. घाबरला होता, पण माझ्यासाठी.

तो मी ऐकलेला त्याचा शेवटचा आवाज.

त्यानंतर वारा थांबेपर्यंत आम्ही त्याला शोधत होतो. मी दगड उपसले. नखं गेली ती कळली नाहीत. फरमोन अका लहान मुलासारखे रडत होते आणि सारखे म्हणत होते, मीच पाठवलं त्याला, मीच पाठवलं.

दिवस मावळायच्या आधी धूळ खाली बसली. आणि नोर्मुरोदने वर बोट दाखवलं.

तो पावलांच्या कातळावर उभा होता.

तिथे चढायला वाट नाही. कॅमेरा न्यायलाही आम्हाला कड्यावरून दोर सोडावे लागले होते. उल्मास आमच्याकडे पाठ करून, कड्याला नाक लागेल इतका जवळ उभा होता. हात खाली. अंगावर खरचटल्याची खूण नाही.

त्याला उतरवलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. आत लाल धूळ भरलेली. मी बोटाने काढली. त्याने माझ्याकडे बघितलं, ओळखलं, माझे हात धरले. ओठ हलले.

आवाज आला नाही.

आम्ही त्याला गाडीत घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इंजिन सुरू व्हायच्या आत मागून, घळीतून, अगदी स्वच्छ ऐकू आलं...

"आलो, ओपा... आलो..."

माझ्या मांडीवर उल्मासने डोळे मिटले.

नोर्मुरोदने दार लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मागे न बघता चल."

तिरमिझला दाखवलं, ताश्कंदला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, स्वरयंत्र ठणठणीत आहे. पण तो खोकतो तेव्हाही आवाज येत नाही. हसतो, खांदे हलतात, आवाज येत नाही. मी कान छातीला लावून बघितलं आहे. तिथे काय झालं हे लिहून दे म्हणून मी त्याच्यापुढे पेन्सिल ठेवली. त्याने ती परत माझ्या हातात दिली. पुन्हा विचारलं नाही.

सिनेमा अर्धवट राहिला. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी एकदाच ऐकलं. माझी डरकाळी आहे. त्यानंतर काही नाही. वारा इतका होता की तंबू उडाला, तोही नाही. नुसतं कोरं.

उल्मास आता आमच्याच घरी राहतो. बाजारातल्या तंदूरवर नान लावतो. आई त्याच्याशी दिवसभर बोलते, दोघांच्याही वाटचं.

त्या घटनेनंतरच्या वर्षी मला मुलगी झाली. मुनिसा. मामाची लाडकी. त्याच्या हातवाऱ्यांतलं सगळं तिला कळतं. पण त्याचा आवाज तिने कधीच ऐकलेला नाही.

आत्ता वसंतातली गोष्ट. दुपार होती. उल्मास चहा पीत बसला होता, मुनिसा खिडकीशी चित्र रंगवत होती, मी कणीक मळत होते. फोन वाजला. नोर्मुरोद. इतक्या वर्षांत त्याने कधी फोन केला नव्हता. हात पिठाचे, म्हणून कोपराने स्पीकर लावला.

त्याने खुशाली विचारली नाही. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

"मुअत्तर," तो म्हणाला, "तुमच्यात मुनिसा कोण?"

मी विचारलं, का?

"शेळ्या शोधत घळीच्या तोंडाशी आलोय. आत तुझा भाऊ हाका मारतोय. मला त्याचा आवाज माहीत आहे, तोच आहे. पण आधी तुला हाका मारायचा... आता हे नाव घेतोय."

मी उल्मासकडे बघितलं. पियाली त्याच्या ओठांशीच थांबली होती.

फोनमध्ये थोडा वारा वाजला. मग लांबून, लाडाने, लहान मुलाला बोलवावं तसा...

"मुनिसाऽऽ... ये ना गं..."

मुनिसाने मान वर केली. हसली. घरात कुणी हाक मारली की ओ द्यायची, हे मीच तिला शिकवलंय. तिने तोंड उघडलं.

पियाली फुटली. उल्मास कधी उठला मला दिसलं नाही. त्याने तिला छातीशी ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला. इतका जोरात की तिच्या गालावर बोटं उमटली. ती घाबरून लाथा झाडत होती. तो मान हलवत होता, नाही, नाही, नाही, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी पिठाच्या हाताने फोन बंद केला.

नोर्मुरोदचा नंबर आता घरात कुणाकडे नाही.

मुनिसा त्या संध्याकाळी बोलली. भूक लागली म्हणाली. आजही बोलते, भांडते, शाळेतल्या गोष्टी सांगते. पण त्या दुपारी उल्मासचा हात पोचायच्या आत तिच्या तोंडून ओ निसटली होती का, हे मला अजून ठरवता येत नाही. ऐकणं माझं काम आहे, आणि नेमकं तेवढंच मला ऐकू आलं नाही.

तिलाही आठवत नाही.

म्हणून रोज सकाळी तिला उठवताना मी काहीतरी विचारते. काय स्वप्न पडलं, दूध हवं की चहा, काहीही.

आणि ती उत्तर देईपर्यंत दारात उल्मास उभा असतो.