सोळा अंशांचं पाणी

विहीर बुजवायच्या आदल्या दिवशी तोकिएने तिच्यातून चार बादल्या पाणी उपसून ठेवलं. पुढचे काही दिवस तरी मालकाची सोय झाली.

जपानातल्या यामातोकोरियामात गोल्डफिशची तळी गावभर आहेत, पण परसातल्या विहिरी एकेक करून गेल्या. त्या गल्लीत तोकिएची तेवढी उरली होती आणि तिचाही कठडा तडकला होता. लेक साचिए ओसाकाहून आली की आधी कठड्याकडे बघायची, मग आईकडे. ऑगस्टातले पितरांचे दिवस आठवड्यावर आले तेव्हा तोकिएने होकार दिला. पुजाऱ्याने मीठ आणि तांदळाची दारू शिंपडली. कामगारांनी वाळू ओतताना मधोमध एक पोकळ बांबू उभा केला, विहिरीला श्वास घेता यावा म्हणून. दुपारपर्यंत परसात ओली वाळू आणि तो वीतभर बांबू, एवढंच राहिलं.

मालक म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गिसाकूचा, नऊ वर्षांचा गोल्डफिश. लालपांढरा, पाठीवर पर नसलेला, डोक्यावर मांसल मुकुट, आणि खाणं उशिरा मिळालं की काचेला तोंड लावून बघत राहायची सवय. गिसाकू फेब्रुवारीत वारला. जाताना बायकोला म्हणाला, “मालकाचं पाणी तेवढं बघ.” बस, एवढंच. तिला आधी राग आला होता, मग सुतकातच हसू आलं होतं. लेकीला तिने सांगून टाकलं होतं, मालक आहे तोवर मी या घरात; तो गेला की येते ओसाकाला.

गिसाकूने मालकाला विहिरीखेरीज कधी दुसरं पाणी दाखवलंच नाही. तेही ताजं उपसलेलं नव्हे. खोल विहिरीच्या पाण्यात हवा कमी असते. ते तसंच टाकीत ओतलं तर मासा वर येऊन तोंड वासतो. म्हणून तो आदल्या दिवशी बादल्या भरायचा, त्यांत हवेची नळी सोडायचा आणि बायकोला दम द्यायचा, पाणी निजलंय, हात लावू नकोस.

चार बादल्या आठवड्यात संपल्या. मग नळाचं पाणी आलं. तोकिएने त्यात क्लोरीन मारायचं औषध टाकलं, दिवसभर ठेवलं, सगळं रीतसर केलं. तरी तिसऱ्या दिवशी मालक पर मिटून कोपऱ्यात बसला. गिसाकूचा मित्र इसोमुरा, तीन तळ्यांचा धनी, येऊन टाकीत डोकावला.

“वहिनी, नऊ वर्षं एका हातचं खाल्लंय त्याने. आता म्हातारपणी हॉटेलात जेवायला बसवलंत.” मग त्याचा आवाज उतरला. “टाकी बत्तीस अंशांवर गेलीय. उद्यापर्यंत तगला तर नशीब.”

त्या दिवशी पितरांना निरोप द्यायचा होता. संध्याकाळी गल्लीतल्या दारादारांत त्यांना परतीची वाट दाखवणारे विस्तव पेटले. तोकिए टाकीपाशी बसून पिशवीतला बर्फ पाण्यावर तरंगवत होती. भानावर आली तेव्हा शेजारच्या विस्तवांची विझून राख झाली होती. देव्हाऱ्यातल्या गिसाकूच्या फोटोला ती म्हणाली, थांबा थोडं, उद्या पेटवते. जसं काही तो बस धरायला निघाला होता.

सकाळी मालक काचेला तोंड लावून तिची वाट बघत होता.

पाणी लखलखीत. टाकीच्या काचेवरचा तापमापक सोळा दाखवत होता. तोकिएने हात घातला आणि कोपरापर्यंत शहारा आला. विहिरीचा हा गारवा तिच्या हाताला चाळीस वर्षं ओळखीचा होता.

इसोमुराने आधी तापमापक मोडला म्हणून सांगितलं. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

“लोखंड लागतंय. वहिनी, हे नळाचं नाही.”

“मग?”

“विहिरीचंच. पण...” तो माशाकडे बघत राहिला. “ताजं असतं तर हा वर येऊन तोंड वासत बसला असता. म्हणजे निजवलेलं आहे. आणि निजवलेलं पाणी या उन्हाळ्यात गार राहत नाही.”

टाकीतले बुडबुडे तेवढे वाजत होते. जाताना उंबऱ्यावर त्याने हळूच विचारलं, काल विस्तव पेटवला ना? तोकिए म्हणाली, काड्या दमट होत्या.

नंतरही तिने तो पेटवला नाही. दर रविवारी सकाळी टाकी सोळा अंशांवर असायची. दारं आतून बंद, परसातली वाळू कोरडी. तिला भीती वाटायची, पण घरात कोण आहे ते माहीत असल्यासारखी. स्वयंपाकघरातून ती त्याच्यावर खेकसायची, एवढी वर्षं एक कप विसळला नाहीत, आणि आता माशासाठी बादल्या उचलता.

सप्टेंबर लागला. मालक बाळसं धरून होता. इसोमुरा बघायला आला तेव्हा तिने गार सातूचा चहा दिला. त्याने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“पाणी कुठलं हे?”

“नळाचं. अजून कुठलं असणार, भावजी?”

“अशी चव कधीपासून आहे?”

तिने आपला पेला पुन्हा चाखला. तिला काहीच वेगळं लागलं नाही.

इसोमुरा पेल्याकडे बघतच बोलला. “मासा एका पाण्यातून दुसऱ्यात न्यायचा असला ना वहिनी... तर आम्ही एकदम नेत नाही. तिकडचं पाणी रोज थोडं थोडं मिसळत जायचं. त्याला कळतही नाही.”

मग तिच्या चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोतलं हसू आलं.

“घाई करायचा स्वभावच नव्हता त्यांचा,” ती म्हणाली. “किती दिवस लागतात हो?”

“माशावर आहे,” इसोमुरा पुटपुटला आणि टोपी घेऊन उठला.

तिने स्वतःचा पेला संपवला. किटलीतला शेवटचा थेंब मघाशी त्याला वाढला होता, म्हणून ती विसळायला उचलली. किटली काठोकाठ भरलेली होती आणि बाहेरून तिला दव सुटलं होतं.