डोमाच्या दारातला मृत्यू

डोमाला लोकांनी विजेच्या खांबाला बांधलं होतं. त्याचा एक डोळा मिटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं, तरी काठ्या थांबत नव्हत्या. सहायक पोलीस निरीक्षक तृप्ती रामटेके करडी गावात पोचल्या तेव्हा सायंकाळचे सहा वाजले होते.

काठी घेऊन सगळ्यात पुढे होता कुलदीप. त्याचा थोरला भाऊ घनश्याम डोमाच्या दारात मरून पडला होता. डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. रक्ताचा थेंब कुठंच नाही.

"यानंच मारलं माह्या दादाले!" कुलदीप ओरडला. "डाव्या कानाच्या वर हाणलं, मॅडम!"

"तुम्ही पाहिलं?"

"पाहाले कायले पायजे? मी दुपारपासून तुमसरले होतो, धान घेऊन. पन याची बायको आमच्या बांधाजवळ करंट लागून मेली. त्याचाच डूख धरला यानं."

ते खरं होतं. महिन्यापूर्वी गिरजाबाई, डोमाची बायको, रानडुकरांसाठी वीज सोडून लावलेल्या तारेवर जळून मेली होती. तार रातोरात गायब झाली. कोणी लावली, ते कळलंच नाही.

तृप्तींनी डोमाला दवाखान्यात पाठवलं आणि प्रेत, दुपट्टा न सोडता, शवविच्छेदनाला. घनश्यामच्या खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी निघाली, दोन गोळ्या कमी. सोबत बोटभर लांबीचा जळका तारेचा तुकडा.

"गोळ्या एक वाजता नेल्या," औषधवाला गोपीचंद म्हणाला. "पायरीवरच ओकले. म्हनलं, का झालं? तं म्हने, काही नाही."

दवाखान्यात डोमाला धड बोलता येत नव्हतं.

"पाच वाजता आले. भिंत धरून धरून. 'डोमा, तुले एक गोष्ट सांगाची हाय,' एवढंच म्हनले. जीभ वळेना. मंग पडले."

"तू हात उचललास?"

"पानी पाजून राहिलो होतो, बाई."

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. केस भादरल्यावर डाव्या कानाच्या वर सूज दिसली. कातडी फाटली नव्हती. आत हाड तडकलं होतं आणि रक्ताची गाठ साठली होती.

तृप्तींनी डॉ. अश्विन यांना फोन लावला. जिल्ह्यातल्या मेंदूला मार लागलेल्या रुग्णांवरचा त्यांचा शोधनिबंध छापून आला होता. एका जुन्या तपासात तृप्तींनी तो वाचला होता.

"डॉक्टर, असा मार बसल्यावर माणूस चालू शकतो?"

"चालतो, बोलतो, जेवतोसुद्धा. माझ्या निबंधात असे अकरा जण आहेत. हाडाखालची धमनी फाटते, रक्त हळूहळू साठतं आणि मेंदू दाबत जातं. काही तासांनी माणूस कोसळतो."

"एक वाजता डोकं दुखत होतं, उलटी झाली."

"मग मार त्याआधीचा आहे. पाचचा नाही."

तृप्ती थेट कुलदीपच्या अंगणात गेल्या. कालचेच लोक जमले.

"कुलदीप, डोक्यावरचा दुपट्टा शवविच्छेदनापर्यंत कोणी सोडला नाही. मार केसांखाली होता. डावा कान तुम्हाला काल सहालाच कसा कळला?"

"अंदाजानं..."

"तुम्ही दुपारपासून तुमसरला होता, हे खरं. पण सकाळी इथंच होता. तुमच्या गोठ्यात, धानाच्या तणसाखाली, तारेचं भेंडोळं आत्ताच शिपायांना सापडलं. त्याचं एक टोक जळकं आहे. घनश्यामच्या खिशातला तुकडा त्याच तारेचा. त्यांना कळलं होतं, गिरजाबाई कोणामुळे मेल्या. तेच सांगायला ते डोमाकडे गेले होते."

कुलदीपनं गोठ्याकडे पाहिलं.

"दादा म्हने, संध्याकाळपर्यंत तू ठाण्यात जा, नाही तं मी डोमाले सांगतो. मी डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. पडला. मंग उठला, दुपट्टा नीट बांधला. म्हने, 'जा, अजून वेळ हाय तुले.' मले वाटलं, काही झालं नाही."

"आणि डोमाच्या दारात ते पडल्याचं ऐकलंत, तेव्हा वाटलं की त्यांनी सगळं सांगितलं असेल. म्हणून डोमाही मरायला हवा होता."

कालच्या गर्दीतला एकही माणूस मान वर करत नव्हता.

दवाखान्यात डोमानं सगळं ऐकून घेतलं.

"घनश्यामभाऊच्या मातीले कोन हाय?" त्यानं विचारलं.

"म्हातारी आई. बाकी लोक तोंड लपवून बसलेत."

डोमानं दात आवळून पाय खाटेवरून खाली सोडले.

"मले धरा, बाई. मी येतो."