फिदेन्सियोचा फोटो

एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाच्या सकाळी, मी माझ्या नवऱ्याचा फोटो फ्रेम करून आणला. सात वर्षांपूर्वी फिदेन्सियो झेंडूचा ट्रक घेऊन अकापुल्कोला गेला तो परतलाच नाही. ट्रक सापडला नाही, तोही नाही. पहिली दोन वर्षं मी रडले. मग रडणं आटलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचं सगळंही.

फ्रेमवाला काच पुसत म्हणाला, "लग्नाआधीचा फोटो दिसतोय."

"हो. कशावरून?"

"हसतोय ना."

मीही हसले असेन.

घरी पितरांची वेदी मांडून झाली होती. सासऱ्यांचा फोटो, मोले रश्श्याची वाटी, गोड पाव, पाण्याचा पेला, कोपल धुपाचा धूर. मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडून पितरांना घर सापडावं म्हणून रस्त्यापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली होती. फिदेन्सियोला तिथे जागा नव्हती, कारण सासूबाई ठेवू देत नसत. त्या रोज त्याचं ताट आपल्या खोलीत न्यायच्या, दार लोटून हळू आवाजात बोलत बसायच्या. वय झालंय, म्हणून मी सोडून द्यायचे.

"त्याला मेलेल्यांत बसवू नकोस, क्रिस्पिना."

"सात वर्षं झाली, आई."

"झाली असतील. पण त्याला कुठे माहितीये..."

"कुणाला?"

त्या ताट घेऊन आत गेल्या. मी फोटो सासऱ्यांच्या खालच्या पायरीवर ठेवला. वाटलं काहीच नाही. धुतलेलं भांडं फळीवर ठेवावं, तसा ठेवला.

बारा वाजता चर्चच्या घंटा सुरू झाल्या. या वेळी सणाला आलेली मेलेली लेकरं परत निघतात आणि मेलेली मोठी माणसं येतात. मी परसात मक्याच्या पिठाचे तामाले वाफवत होते. घंटा थांबल्यावर आत आले, तर कोपलच्या वासात डिझेलचा वास मिसळला होता.

पाकळ्या चिरडल्या होत्या. ओल्या मातीत बुटांचे ठसे उमटले होते, टाच खोल रुतलेली. चवडे रस्त्याकडे होते. कुणी आत आलं नव्हतं, बाहेर गेलं होतं. मी ठशांच्या उलट चालत गेले. ते सासूबाईंच्या दाराशी संपले.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर ताट, अर्धं जेवलेलं.

"गेला," त्या म्हणाल्या. "दारात उभा राहून स्वतःचा फोटो बघत होता... मग म्हणाला, आई, मला सांगितलं का नाहीस?"

"म्हणजे इतकी वर्षं..."

"इथेच जेवायचा. तुझी चौकशी करायचा. तू कधी आत आलीच नाहीस."

तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मी केरसुणी घेतली आणि उंबऱ्यापासून झाडायला लागले. पहिल्याच फटकाऱ्याला पाकळ्या सरकल्या आणि हात थांबला. बुटांच्या शेजारी आणखी पावलं होती. अनवाणी, माझ्या तळहातापेक्षा लहान, बोटं मक्याच्या दाण्यांएवढी. दोघं बरोबरीनं रस्त्यावर गेली होती.

"आई, त्याच्याबरोबर कोण होतं?"

त्या दारापर्यंत आल्या. वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्याकडून तर... एकटाच निघाला."

आम्हाला मूल कधी झालं नाही. मी त्या पावलांमागे उलट चालत गेले. ती माझ्या खोलीतून निघाली होती.