शेवटचं दुकान

ऑगस्टची सात तारीख, उन्हाने अंगाची नुसती लाही लाही, आणि हा माणूस भोपळ्याच्या बिअरची पेटी घेऊन माझ्या दुकानाच्या दारात!

"एमेट, शर्ट बघ घामाने कसा चिकटलाय तुझा. पानगळीची बिअर आत्ता कोण पिणार?"

"सगळ्यांनी घेतली, डेलिया. फक्त तूच उरलीस."

"सप्टेंबर लागल्याशिवाय माझ्या फळीवर भोपळा चढत नाही. तत्त्व आहे माझं."

"अरे बापरे, तत्त्व!" तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला... जाऊ दे.

एमेट मूळचा शाळामास्तर, मेन राज्यातला. यंदा पहिल्यांदाच सुट्टीत बिअर कंपनीसाठी आमच्या व्हरमाँट राज्यातली दुकानं फिरत होता. भोपळ्याची बिअर सगळीकडे लागली की त्याचा उन्हाळा संपला, गडी आपल्या गावी. म्हणजे मी पेटी घेतली की हा गेलाच! मग मला तत्त्व नको?

चौदा तारखेला आला, परत पाठवला. जाताना माझ्या वाकड्या बाटल्या एकेक करून सरळ लावून गेला.

एकवीस तारखेला पेटी त्याच्या हातातच होती, आणि आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक प्रूइटबाई आत शिरल्या.

"अगंबाई, आली का भोपळ्याची? गेल्या वर्षी तर तू एक ऑगस्टलाच लावली होतीस! पहिली बाटली मीच नेली, आठवतंय ना?"

माझे कान लाल झाले. बाई आपली नेहमीची बाटली घेऊन गेल्या. एमेटने पेटी हळूच खाली ठेवली.

"काय गं... तत्त्व?"

"हो, खोटं बोलले! पेटी उतरली की तू जाणार. आणि मला — मला तू जायला नको आहेस. झालं समाधान?"

वर पंखा घरघरत होता.

"सोमवारी शाळा उघडतेय," तो म्हणाला. "जावं तर लागेलच."

"माहितीये मला." मुकाट्याने पावतीवर सही केली. पेन घेताना त्याने माझी बोटं धरली, ती सोडलीच नाहीत.

"दोन आठवडे मी साहेबांना काय सांगतोय माहितीये? 'ती बाई महाहट्टी आहे, अजून एक चक्कर मारावी लागेल.' खरं तर एका फोनवर मिटलं असतं."

"लबाड!"

"शनिवारी दुकान कितीला उघडतं?"

"दहाला. पण तीन तासांचा रस्ता आहे, एमेट—"

"सकाळी आठला पोचतो."

"अरे, आठला दुकान बंद असतं!"

"मला दुकानात कुठे यायचंय?"